नोएमीबाईंचा दवाखाना मधोमध कसा आला

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, मोठ्या बेटावरच्या इस्पितळातून वेळात वेळ काढून आलेले आणि वाटेत होडी लागल्यामुळे अजून थोडे हिरवट दिसणारे आदरणीय डॉक्टर मान्रिकेस. व्यासपीठावर विराजमान झालेले आमच्या चर्चचे वयोवृद्ध कारभारी बाल्दोमेरोकाका, ज्यांचा गुडघा कालपर्यंत हलत नव्हता आणि आज जेवणाचा वास येताच पायऱ्या चढून गेला. दवाखान्यात नव्याने रुजू झालेले परिचारक नेल्सन कातालान. सत्कारमूर्ती, आमच्या नर्स नोएमी ऑर्मेन्योबाई. डावीकडे बसलेले लोमाकर, उजवीकडे बसलेले एस्तेरोकर, आणि या दोन वाड्यांच्या मधल्या वाटेत पसरलेला, कोणत्याच वाडीचा नसलेला तो कुत्रा, अशा सर्वांना ओतिलिया बार्रियाचा नमस्कार.

मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. ती कोणी ठरवली हे मला ठाऊक आहे. आमचे हे, एलेउतेरो, तिकडे तिसऱ्या रांगेत बसलेत. काल म्हणाले, "ओतिलिया, पाच मिनिटांत तुझे नमस्कारसुद्धा संपायचे नाहीत." नमस्कार संपलेले आहेत, याची त्यांनी कृपया दखल घ्यावी.

मंडळी, निरोपाचं भाषण करायला मी उभी राहिले खरी, पण आज निरोप आहे की नाही हेच अजून नक्की नाही. बाहेर कोकराचं मांस शिजतंय, सफरचंदाची आंबवलेली चिचा पिंपातून निघालीय, बटाट्याचे मिल्काओ तळून होत आलेत, अकॉर्डियनवाला कधीचा येऊन बसलाय. सगळी तयारी झाली; फक्त सत्कारमूर्तींचं जायचं ठरत नाहीये! गेल्या मंगळवारी मी त्यांच्याकडे गेले, तर बाई बांधलेल्या सामानातून लोकरीचे कपडे परत बाहेर काढत होत्या.

मी म्हटलं, "हे काय चाललंय?"

म्हणाल्या, "एवढा हिवाळा काढते गं इथे. हा नवा मुलगा हुशार आहे, पण त्याच्या दाराशी कोणी फिरकत नाही. सगळ्यांना असं टाकून कशी जाऊ?"

आता तिकडे बाईंच्या गावी, चियानला, त्यांची धाकटी बहीण एकटी राहते. तिची नजर इतकी अधू झालीय की चहात साखर पडली की मीठ, हे तिला घोट घेतल्यावर कळतं. ती बिचारी कित्येक हिवाळे वाट बघतेय. दर वर्षी बाई तिला कळवतात, "यंदा येते." आणि दर वर्षी त्यांच्या निवृत्तीची वेळ जवळ आली रे आली की आपल्या या तेउकेल बेटावर साथ पसरते. कसली साथ, ते डॉक्टरसाहेबांना कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही. लोमातल्या म्हाताऱ्यांचे गुडघे धरतात. एस्तेरोतल्या तमाम बायकांच्या कमरा जातात. लोमाकर खोकायला लागले की एस्तेरोकर मागे राहतील होय? तेही खोकतात, आणि दोन आवाज चढून खोकतात.

हा कोण खोकला आत्ता?

पुरे हं. खोकला खरा असेल तर डॉक्टर इथे आयतेच बसलेत, त्यांनाही जेवणाआधी काहीतरी काम मिळेल. खोटा असेल तर रुमाल तोंडात कोंब आणि ऐक.

आणि या नेल्सनचे हाल बघा. पोरगं रोज सकाळी पांढरा कोट घालून, स्टोव्ह पेटवून, दार उघडून बसतं. आपली माणसं खिडकीतून डोकावतात आणि विचारतात, "बाई आहेत का? नाहीत? मग राहू दे, आता बरं वाटतंय." अरे, असा गुण तर धन्वंतरीच्या हातालाही नसेल! न तपासताच रोगी बरे होताहेत.

तेव्हा आज मी बाईंची स्तुती करायला उभी नाही. स्तुती डॉक्टर करतील, त्यांना त्याची सवय आहे. मी उभी आहे ती बाईंना घालवून द्यायला. बसा, बसा. कुजबुज करू नका. आधी मला एक जुनी गोष्ट सांगू द्या. तुमच्यातल्या निम्म्यांना ती ठाऊक आहे आणि उरलेल्या निम्म्यांना ती चुकीची ठाऊक आहे.

नर्सबाई यायच्या आधी इथे काय होतं? कोणी आजारी पडलं की आधी क्लोरिंदाआजीचा काढा. देवाघरी गेलेल्या त्या सुईणीविषयी मला आदरच आहे, निम्मं बेट तिच्या हातांत जन्मलं. पण तिच्याकडे पोटदुखीला एक काढा, दातदुखीला तोच काढा आणि नवरा घरी वेळेवर येत नसेल तर त्यालाही तोच काढा. तो लागू पडला नाही की रोग्याला कांबळ्यात गुंडाळायचं, होडीत घालायचं आणि वल्ही मारत मोठं बेट गाठायचं. वारा बरा असला तर रोगी पोचायचा. वारा फिरला तर होडी परत यायची, आणि ती लांबून दिसली की बायका काही न विचारताच चर्चची घंटा वाजवायला माणूस पाठवायच्या. माझी थोरली बहीण अशीच परत आली होती. पहिलंच बाळंतपण होतं तिचं.

मग एकदा सरकारला आपली आठवण झाली. एक साहेब आले, घोड्यावरून बेट फिरले, लोमाच्या टेकडीवर त्यांना वारा आवडला, म्हणाले, "वा, दवाखाना इथेच." उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. टेकडी लोमाकरांची. आता लोमा आणि एस्तेरो यांचं भांडण काही आजचं नाही. सणाच्या दिवशी संताची मूर्ती आधी कुणाच्या होडीत बसवायची, इथपासून ते सुरू होतं. बसवणाऱ्यांच्या हाणामारीत ती मूर्ती एकदा पाण्यात पडली, तिचं नाक अजून चेपलेलं आहे. तर अशा लोमाच्या टेकडीवर एस्तेरोचा माणूस औषधाला जाईल? तो मरेल, पण जाणार नाही. आणि तसे काही मेलेही.

नोएमीबाई आल्या तो दिवस मला आठवतो. रेडिओवर निरोप सांगितला होता की तेउकेलच्या लोकांनी नर्सबाईंना घ्यायला धक्क्यावर घोडा आणावा. धक्क्यावर दोन घोडे उभे! एक लोमाचा, एक एस्तेरोचा. चियानहून आलेली ती काटकुळी पोरगी होडीतून उतरली ती तोंड धुऊनच, कारण सबंध वाट तिने ओकण्यात घालवली होती. लोमाचे बाल्दोमेरोकाका पुढे झाले, "बाई, आमच्या घोड्यावर बसा." लगेच एस्तेरोचे माझे सासरे म्हणाले, "त्या घोड्यावर बसलात तर आमच्या वाडीत पाऊल ठेवू नका." बाईंनी दोन्ही घोड्यांकडे पाहिलं. मग स्वतःची पेटी उचलली आणि चिखलातून चालायला लागल्या. मागून दोन रिकामे घोडे आणि दोन रिकाम्या डोक्यांची माणसं.

तेव्हापासून बाई पायीच. लोकरीचे मोजे, रबरी बूट, पाठीवर लशींचा डबा. एस्तेरोकर दवाखान्यात येत नाहीत म्हणून बाई एस्तेरोत यायच्या. घरोघर त्यांना चुलीजवळची जागा मिळायची, बटाटे मिळायचे, अंडी मिळायची. रोगी मात्र मिळायचा नाही, तो मागच्या दाराने रानात पळालेला असायचा. मुलं बटाट्याच्या कोठारात दडायची. आणि बाल्दोमेरोकाका, सांगू का? सांगतेच. सगळ्यांना हिंमत यावी म्हणून त्यांनी चर्चसमोर बाही वर करून पहिली लस घेतली. घेतली कसली, सुई दिसल्याबरोबर आडवे झाले, आणि बाईंना लस सोडून त्यांच्याच तोंडावर पाणी मारत बसावं लागलं.

सगळा एक हिवाळा बाईंनी असा काढला. मग एके रविवारी प्रार्थना संपल्यावर त्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "दवाखाना दोघांच्या मधे आणा. नाहीतर मी चियानला परत जाते. तुमची गुरं बरी, निदान आजारी पडली तर उभी राहतात, पळत नाहीत."

म्हाताऱ्यांनी तिथल्या तिथे कबूल केलं. दवाखाना मधोमध आणायचा. चिचेचे पेले भरले गेले, प्यायलेही गेले. आणि एकदा पेला पोटात गेला की आपल्याकडे शब्द फिरवत नाहीत.

डॉक्टर उत्तरेकडचे, म्हणून त्यांच्यापुरतं सांगते. आम्ही घर बदलतो तेव्हा सामान हलवत नाही, घरच हलवतो. त्याला मिंगा म्हणतात. दारं-खिडक्या काढायच्या, आतून आधार ठोकायचे, घराखाली ओंडके सारायचे, सगळ्या गावाच्या बैलजोड्या जुंपायच्या. वाटेत दलदल असली तर घर किनाऱ्यावर न्यायचं, उधाणाचं पाणी चढून ते तरंगलं की लाँच जोडून ओढत न्यायचं. घरमालकाने फक्त सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. दवाखान्याची मालकीण म्हणून बाईंवर ती पाळी आली, आणि त्यांनी केलेलं ते कोकराचं कालवण लोक अजून विसरलेले नाहीत. चांगल्या अर्थाने नव्हे.

मी तेव्हा पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. माझं माहेर लोमा आणि सासर एस्तेरो. म्हणजे या भांडणात मी एकटीच दोन्ही बाजूंची. पायांना सूज होती, म्हणून बाईंनी मला माहेरी आणून ठेवलं होतं, रोज तपासायच्या. बैलांनी दवाखाना टेकडीवरून उतरवून किनाऱ्यावर ओहोटीच्या रेषेत आणून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या उधाणाला तो तरंगणार होता. त्या सकाळी बाई आतच होत्या, लशींचा डबा मांडीवर घेऊन. मला कंबरेत चमका यायला लागल्या, म्हणून मी हळूहळू चालत गेले आणि दवाखान्यात शिरले. मागोमाग क्लोरिंदाआजी शिरली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. तिला कधीच कोणी बोलवावं लागत नसे.

बाईंनी मला आडवं करून तपासलं आणि त्यांचा चेहरा एकदम शांत झाला. ज्यांनी तो चेहरा पाहिलाय त्यांना कळेल, की बाई आरडाओरडा करतात तोवर काळजी नसते.

"आजी," त्या म्हणाल्या, "आधी हात धुवा."

"माझे हात? या हातांनी मी तुझ्या जन्माआधी..."

"धुवा म्हटलं ना! बाळाचा पाय आलाय खाली."

आजीने हात धुतले. आयुष्यात पहिल्यांदा, आणि साबण लावून.

बाहेर बाल्दोमेरोकाका खिडकीच्या भोकातून डोकावले. "बाई, पाणी चढतंय. पोरीला उचलून घेतो."

"हात लावायचा नाही तिला. आता ती हलणार नाही."

"अहो, भरती काही थांबत नाही!"

"बाळही थांबत नाही!"

 तेवढ्यात जमीन माझ्या पाठीखालून सुटली. घर तरंगलं होतं.

मंडळी, बाळंत होताना आजूबाजूच्या भिंती हलल्यासारख्या वाटतात, असं आयाबाया सांगतात. माझ्या त्या खरोखरच हलत होत्या. मी कळा देतेय, आजी संतांची नावं घेतेय, आणि नोएमीबाई एका हाताने माझा गुडघा धरून दुसऱ्या हातातल्या पत्र्याच्या भांड्यात ओकताहेत. ओकून झालं की तोंड पुसायच्या आणि म्हणायच्या, "छान चाललंय, ओतिलिया. श्वास घे." पुन्हा भांडं.

मी विचारलं, "बाई, असं पायाळू बाळंतपण तुम्ही आधी केलंय ना?"

"कितीतरी," त्या म्हणाल्या.

बाईंनी पुष्कळ वर्षांनी मला खरं सांगितलं. असं एकच बाळंतपण त्यांनी पाहिलं होतं, शिकत असताना, तेही एका उंच डॉक्टरच्या पाठीमागून. दिसली फक्त त्याची पाठ.

आता बाहेर काय चाललं होतं ते ऐका. एका बाजूने लोमाची लाँच जोडलेली, दुसऱ्या बाजूने एस्तेरोची. घर तरंगत खाडीत आलं आणि मग या थोर लोकांना शोध लागला की 'मधोमध' म्हणजे नक्की कुठे, हे कुणी ठरवलेलंच नाही. पेले भरण्याची घाई झाली होती ना! लोमाकरांच्या मते मधोमध म्हणजे ओढ्याच्या तोंडाशी, म्हणजे लोमाच्या अंगणात. एस्तेरोकरांच्या मते मधोमध म्हणजे चुन्याच्या पडक्या भट्टीपाशी, म्हणजे एस्तेरोच्या ओसरीवर. "तिकडे कुठे चाललात?" "तुम्ही कुठे चाललात?" आणि सुरू झाली ओढाओढ. लोमाकरांनी हिसका दिला की घर इकडे कलंडायचं, एस्तेरोकरांनी दिला की तिकडे. छताच्या फळ्या करकरत होत्या. औषधांच्या बाटल्या घरंगळत होत्या. आणि एस्तेरोच्या लाँचवर दोर धरून सगळ्यात मोठ्याने कोण ओरडत होतं? "ओढा रे, सोडू नका, लोमाकरांना दाखवून द्या!" तिसऱ्या रांगेत बसलेत ते. मान खाली घालू नका आता, तेव्हा चांगली ताठ होती.

बाळाचं अंग बाहेर आलं होतं आणि डोकं अजून आत होतं. आमच्या आयाबायांना ठाऊक आहे की पायाळू मूल जातं ते याच जागी. माझ्या बहिणीचं असंच गेलं, आणि मूल गेल्यावर ती गेली. मला ते सगळं त्या क्षणी आठवलं. मी आजीकडे पाहिलं. आजी संतांची नावं घ्यायची थांबली होती.

बाई उठल्या. त्या खिडकीच्या भोकात उभ्या राहिल्या आणि त्या काटकुळ्या अंगातून असा आवाज निघाला की खाडीवरचे पक्षी उडाले.

"बाळाचं डोकं अडकलंय! घराला आता एक जरी हिसका बसला तर दोघं जातील! कळतंय का तुम्हाला?"

 नुसती इंजिनं धडधडताहेत. मग एक आवाज आला, बारीक झालेला, मी तो ओळखला. "बाई, मग सोडून देऊ का दोर?"

"सोडलात तर घर वाहत जाईल, गाढवा! ओढा! दोघंही ओढा, सारख्या जोराने. दोर सैल पडू द्यायचा नाही आणि जास्त ताणायचाही नाही. जन्मभर एकमेकांविरुद्ध ओढत आलात ना? मग आज एकदा नीट ओढून दाखवा. मला घर जागच्या जागी हवंय!"

आणि त्यांनी ओढलं. दोर पोटाला बांधून, पाय रोवून, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. "थोडं सैल कर, तुझ्याकडे जातंय." "हां, आता धर." "धरलंय, तू संभाळ." लोमाचा आणि एस्तेरोचा माणूस असं कधी बोलला होता का हो? कळेतसुद्धा मला ते नवल वाटलं. घर थांबलं. खाली पाणी वाहत होतं आणि वर घर स्थिर होतं. बाईंनी आजीला सांगितलं, "पोटावर वरून दाबा, मी सांगेन तेव्हाच." आजी, जिने उभ्या जन्मात कुणाचं ऐकलं नव्हतं, ती म्हणाली, "बरं, पोरी." बाईंनी हात आत घातला, आजीने दाबलं, आणि माझी मुलगी बाहेर आली. निळी, चिंध्यांच्या बाहुलीसारखी. रडेना.

बाईंनी तिला लोकरीच्या मोज्याने चोळलं. तिच्या तोंडात फुंकर घातली, पुन्हा घातली. मी विचारत होते, "आहे का? आहे का?"  मग ती शिंकली. आधी शिंकली, मग रडली, आणि काय रडली! तिच्या बापाचाच आवाज.

तो आवाज बाहेर गेला मात्र, आणि दोन्ही वाड्यांच्या मर्दांनी काय करावं? टोप्या हवेत उडवायला, मिठ्या मारायला दोघांनीही दोर सोडून दिले! एकाच वेळी! आमचं घर निघालं की वाहत. बाई आतून ओरडताहेत, आजी ओरडतेय, मुलगी ओरडतेय, बाहेर सगळे गाताहेत. तोवर भरती फिरली होती. घर गोल गोल फिरलं, वाळूच्या दांड्यावर लागलं, पाणी ओसरलं आणि ते तिथेच बसलं. ओढ्यापासून लांब, भट्टीपासून लांब, बरोबर मधोमध.

पुढच्या उधाणाला म्हातारे विचारायला आले, "बाई, आता कुठे न्यायचं?" बाई म्हणाल्या, "कुठेही नाही. तुम्हाला ठरवता आलं नाही, समुद्राने ठरवलं." म्हणून मंडळी, आपला दवाखाना जगात कुठे नसेल अशा जागी उभा आहे, आणि मोठ्या भरतीला औषध आणायला आपण गुडघाभर पाण्यातून जातो. पण जातो दोघंही. त्या दिवसानंतर एस्तेरोचा रोगी रानात पळाला नाही. आणि बाळंतपणाला निघालेल्या होडीसाठी पुन्हा चर्चची घंटा वाजली नाही. माझी ती मुलगी आता दूर दक्षिणेला, पुंता अरेनासला असते. तिला होडी लागते, म्हणून आईकडे यायला टाळाटाळ करते. जन्म पाण्यावर झाला, आणि गुण मात्र नोएमीबाईंचा घेतला!

तर आता मुद्द्यावर येते. एलेउतेरो, घड्याळ दाखवू नका, मला दिसतंय.

त्या दिवशी बाई वीस-बावीस वर्षांच्या होत्या. घाबरलेल्या होत्या, ओकत होत्या, पायाळू बाळंतपणाबद्दल त्यांना जे ठाऊक होतं ते एका डॉक्टरच्या पाठीमागून पाहिलेलं होतं. तरी मी त्यांच्या हाती माझा जीव दिला. का? त्या थोर होत्या म्हणून? छे! दुसरं कोणी नव्हतं म्हणून. थोर त्या नंतर झाल्या. आपण एकेक करून त्यांच्या हाती आपली पोटं, आपले दात, आपली मुलं देत गेलो आणि त्या शिकत गेल्या. आता नेल्सनकडे बघा. याचे कान लाल झालेत. हा मुलगा पण घाबरलेला आहे. आणि आपण त्याला काय देतो, तर खिडकीतून डोकावून "बाई आहेत का?"

अशाने तो थोर कधी व्हायचा? आणि बाई तरी कधी जायच्या? तिकडे चियानला एक म्हातारी चहात मीठ घालून पितेय, कारण इकडे बाल्दोमेरोकाकांना गुडघ्यावर हात फिरवून घ्यायला दुसऱ्या कुणाचा हात चालत नाही. याला माया म्हणायचं का? माझ्या भाषेत याला हावरटपणा म्हणतात. जिने आपल्या बायकांना मरू दिलं नाही, तिच्या बहिणीला आपण अंधारात एकटं ठेवतोय. मला याची लाज वाटते, आणि तुम्हालाही वाटली पाहिजे.

नुसतं बोलून काही होत नाही, हे मला माहीत आहे. म्हणून एक सांगते. गेले काही दिवस माझं दुखतंय. साथीतलं नव्हे, खरंच दुखतंय.

बसा, नोएमीबाई. उठू नका. एलेउतेरो, तुम्हीही बसा, तुम्हाला यातलं काही ठाऊक नाही आणि आत्ता कळणारही नाही. कुठे दुखतंय, कधीपासून दुखतंय, हे मी या सभेत सांगणार नाही. काळजीचं आहे की नाही, ते सोमवारी सकाळी नेल्सन सांगेल. मी त्याच्या दाराशी सगळ्यांच्या आधी उभी असेन, आणि खिडकीतून डोकावणार नाही. लोमाकरांनो, एस्तेरोकरांनो, तुम्हाला यायचं असेल तर माझ्या मागे उभे राहा. काका, तुम्ही गुडघा घेऊन या. नेल्सन, बाळा, हात मात्र आधी धू, नाहीतर क्लोरिंदाआजी थडग्यातून हसेल.

नोएमीबाई, माझ्या देहाचं असं काही नाही जे तुम्हाला ठाऊक नाही. माझी चारही बाळंतपणं, माझा रक्तदाब, माझे पडलेले दात, आणि मी कुणाला कधी सांगितलं नाही ते रडणंसुद्धा. तुमच्यापासून लपवलेली ही पहिलीच गोष्ट. फार जड जातंय मला. गेल्या मंगळवारी तुमच्या दारात उभी होते ना, ती हेच सांगायला आले होते, आणि तुम्हाला कपडे परत काढताना पाहिलं तेव्हा गिळून टाकलं. कारण मला माहीत आहे, मी तोंड उघडलं तर तुम्ही उद्याच्या होडीत बसणार नाही. आणि तुम्ही बसायला हवं. तुमच्या बहिणीला तुम्ही हव्या आहात, आणि तिच्याकडे दुसरं कोणी नाही.

अध्यक्षमहाराजांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्यांच्या पोटाचे मी विशेष आभार मानते. जेवण रांधणाऱ्या दोन्ही वाड्यांच्या बायकांचे आभार. मीठ कुणाचं जास्त पडलं यावरून आज तरी भांडू नका. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहिला नसेल, कुणाची झाकली मूठ मी उघडली असेल, तर मी बेटावरची जुनी बाई म्हणून ते पोटात घाला. आणि नोएमीबाई, तुम्ही मला तपासताना बघता तसं माझ्याकडे बघू नका. दुसरीकडे बघा. बघत राहिलात तर मी सांगून टाकेन.